कोणती पाव्हनी?

माझ्या मुलीच्या अंगावर कांजण्या उठल्या आणि मी त्यांना हरभऱ्याची आंब म्हणालो. एकदा नाही, तीन दिवस म्हणालो. घरात म्हणालो, दुकानात म्हणालो, आणि सातव्या महिन्यातल्या माझ्या गरोदर बहिणीला फोनवर म्हणालो, "काही नाही वं, आंब लागली तिले. तू ये बिनधास्त."

ज्यांनी थंडीच्या दिवसांत सकाळी हरभऱ्यात पाय घातला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट ओल असते, पहाटेच्या दवात ती आणखी वाढते. तीच आंब. चड्डी घालून त्या झाडांतून चाललं की पिंढऱ्या चुरचुरतात, लाल होतात. बुधवारी सकाळी मी सहा वर्षांच्या मुलीला घाटे खायला वावरात नेलं होतं. ती तासभर हरभऱ्यात बसली, घाटे सोलले, सोलले त्यापेक्षा जास्त खाल्ले. गुरुवारी तिच्या पोटावर चार लाल ठिपके. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं दुसरं काय म्हणावं?

माझ्यासारख्या म्हणजे कशा, तेही सांगतो. मोताळ्यात माझं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. लोक प्लास्टिकच्या पिशवीत पान घालून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "काय पडलं हो ह्याच्यावर?" मी पान उजेडाला धरतो, उलटं करतो, हुंकार देतो आणि सांगतो. करपा. तांबेरा. तुडतुडे. बरोबर किती आणि चूक किती, हा प्रश्न वेगळा. पण दुकानदार "माहीत नाही" म्हणाला की गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जातं. त्यामुळे काउंटरमागे मी हे दोन शब्द कधी उच्चारलेले नाहीत. सवय अशी चीज आहे, की ती दुकान बंद केलं तरी गाडीवर मागे बसून घरी येते.

तर आंब म्हणजे आम्ल, आणि आम्लावर उतारा सोडा. मी खायचा सोडा पाण्यात कालवून मुलीच्या पोटाला चोपडला. ती मुकाट्यानं उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मी काय भजं हाय का?"

अंग थोडं कोमट लागत होतं. मी म्हणालो, उन्हात बसली होती. जेवली नाही. मी म्हणालो, घाटे खाल्ले ना पोटभर. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. तेच वाईट झालं.

माझ्या आईनं मात्र गुरुवारी संध्याकाळीच ओळखलं. आईला आम्ही माय म्हणतो. तिनं नातीचा फ्रॉक जरा वर केला, एक नजर टाकली, लगेच तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहून हात जोडले. "पाव्हनी आली," म्हणाली.

आमच्या घरात ह्या आजाराचं नाव घेत नाहीत. अंगावर पुरळ आणि सोबत ताप असला, की पाव्हनी आली म्हणायचं. ती देवी असते, स्वतःच्या मर्जीनं येते, आठ दिवस राहते, जाते. ती असेपर्यंत घरात फोडणी नाही, तळण नाही, केस विंचरणं नाही. दाराला निंबाचा डहाळा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तिच्याकडे निरखून पाहायचं नाही. आलेल्या पाव्हनीकडे टक लावून पाहणं बरं दिसतं का? माय म्हणते, नाही दिसत.

मला हे लहानपणापासून पटत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी बंड केलं. "माय," मी म्हणालो, "पाव्हनी-बिव्हनी काही नाही. आंब हाय ते. आज घरात फोडणीचंच वरण होईन."

"मी नाही करत," माय म्हणाली.

बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तुमच्या दोघांच्या मधात नाही."

मग मीच कढई ठेवली. तेल किती तापवायचं असतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते मी कुणाला विचारणारही नव्हतो. मोहरी काळी ठिक्कर झाली, मिरच्यांचा धूर घरभर पसरला, माय खोकली, बायको खोकली, शेजारच्या घरातून कुणीतरी खोकलं आणि शिव्या घातल्या. ज्या लेकराच्या हक्कासाठी मी हे सगळं करत होतो ते लेकरू अंगणात पळून गेलं. विज्ञानाचा विजय म्हणून मी ते करपलेलं वरण दोन वाट्या एकट्यानं प्यालो. मायनं दहीभात खाल्ला, नातीलाही तोच भरवला. नातीला तोच आवडला.

शुक्रवारी ठिपके पाठीवर गेले. बायको भांडण करत नाही, ती प्रश्न विचारते. भांडण परवडलं असतं.

"डोक्यात कशी गेली हो आंब?" तिनं विचारलं. केसांत बोटं घालून तिनं दोन फोड दाखवले.

"हात लावला असंन डोक्याले."

"आन पाठीवर?"

"खाजवलं असंन."

"तिचा हात तं पुरत नाही तिथपर्यंत."

मी दुकानात गेलो.

त्याच दुपारी बहिणीचा फोन आला. तिचं सासर वडनेर भोलजीला. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं ठरलेलं. शनिवारी सासूबरोबर यायचं, रविवारी आमच्या घरी डोहाळजेवण, मग सासू परत आणि ती आमच्याकडेच राहणार, असा बेत. भाचीच्या अंगावर काही उठलंय हे तिला मायकडून कळलं होतं. "दादा, येऊ ना मी?" तिनं सरळ विचारलं. आणि मी काउंटरमागे उभा होतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

शनिवारी सकाळी बायको मुलीला स्वेटर घालून, पायात चप्पल घालून दारात उभी. "मी मोताळ्याले डॉक्टरकडे चालली. तुमी येता का नाही तेवढं सांगा."

मी गेलो. डॉक्टरांना मदत करायला.

लहान मुलांच्या त्या डॉक्टरीण बाईंनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं. आमचं म्हणजे माझं. मी त्यांना हरभऱ्याच्या पानावरच्या केसांतून आम्ल कसं पाझरतं, त्यात कोणकोणती आम्लं असतात, हे सविस्तर सांगितलं. त्या ऐकता ऐकता मुलीच्या पाठीवर बॅटरी मारून बघत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "इकडे या. बघा."

मी वाकलो.

"हा ठिपका आजचा. नुसता लाल. हा कालचा, वर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा दिसतो ना? आणि हा परवाचा, खपली धरायला लागला. तिन्ही वयाचे एकाच ठिकाणी, एकाच वेळी. या कांजण्या आहेत."

"गोवर नसंन कशावरून?" मी विचारलं. हरलेल्या माणसाला निदान एक प्रश्न तरी विचारू द्यावा.

"गोवरात आधी तीन-चार दिवस चांगला ताप असतो. खोकला, सर्दी, डोळे लाल. मग पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतो, आणि त्यात असं पाणी नसतं. हिचं पोटा-पाठीवरून सुरू झालं आणि केसांतही गेलंय."

"आंब केसांत..."

"आंब फ्रॉकच्या आत शिरून पाठीवरून डोक्यात चढत नाही हो. तिला हातपाय आहेत का?"

बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

लसीचं विचारलं. सरकारी लसी आम्ही सगळ्या वेळच्या वेळी दिल्या होत्या, ही त्यांत नव्हती. वेगळी घ्यावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी औषध लिहिलं, नखं कापा म्हणाल्या, रोज आंघोळ घाला म्हणाल्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का?"

"नाही," बायको म्हणाली. आणि मग आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. "आज दुपारी येणार हाय," मी म्हणालो.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. बहिणीला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, एवढंच त्यांना हवं होतं. झाल्या असतील तर काळजी नाही. झाल्या नसतील तर तिनं या घरात पाऊल टाकायचं नाही. गरोदरपणात पहिल्यांदा झाल्या तर आईच्या फुप्फुसावर जाऊ शकतात, आणि बाळंतपणाच्या आसपास झाल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. "आईला फोन लावा," त्या म्हणाल्या. "आईला आठवत असेल."

मी फोन लावला. स्पीकरवर. बहिणीला आम्ही घरात छोटी म्हणतो.

"माय, छोटीले लहानपनी कांजण्या झाल्या होत्या का?"

"नाव काऊन घेतं रे बाप्पा! घरात हाय ना ती!"

"बरं, नाही घेत. झालं होतं का ते?"

"हाव. येऊन गेली ना तिले पाव्हनी. चार वर्साची होती."

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, "कोणती, ते विचारा."

"माय, कोणती पाव्हनी?"

"कोनती म्हंजे? पाव्हनी म्हंजे पाव्हनी. तिच्यात का वान असतात साडीसारखे?"

"अवं, पान्याचे फोड होते का बारीक लाल पुरळ?"

"मी निरखून नाही पाह्यलं. पाहू नाही."

"ताप आधी आला का पुरळ आधी?"

"तू काय डाक्टर झाला का रे? घरी ये, छोटी येऊन राह्यली, दूध आन येतानी."

फोन बंद. ज्या आजाराचं कुणी नाव घेतलं नाही आणि ज्याकडे कुणी पाहिलं नाही, तो माझ्या बहिणीला झाला होता की नाही हे आता जगात कुणालाही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त तपासता येतं, चार-पाच दिवसांत कळेल, तोपर्यंत तिला लांब ठेवा. बाहेर येऊन मी बहिणीला फोन लावला. तिच्या सासूनं उचलला. गाडीत बहिणीला डुलकी लागली होती.

"मावशी, ऐका, तुमी..."

"नांदुरा मांगंच सोडलं भाऊ, आलोच. चहा ठेवा," म्हणाली, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

बायको मुलीला घेऊन रिक्षानं घरी गेली. मी गाडी हाणली ती थेट आमच्या गावच्या फाट्यावर. तिथून गाव हाकेच्या अंतरावर आहे. फाट्यापासून गावात जायचा रस्ता एकच, एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना हरभरा. बायकोची रिक्षा गावात गेल्यावर मी मोटारसायकल आडवी लावली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी हललो नाही. मागची काच खाली झाली आणि सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

"भाऊ, इथंच उतरून घेता का काय आमाले?"

"मावशी, वापस जा. घरी पोरीले कांजण्या झाल्या."

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नाव नोको घेऊ भाऊ! रस्त्यावर उभं राहून नाव घेतं?"

"कांजण्या!" मी म्हणालो. मुद्दामच, जोरात. "कांजण्या, कांजण्या, कांजण्या." बांधावरची एक बाई खुरपं टाकून उभी राहिली.

बहीण जागी झाली होती. "पन दादा, तू तं आंब म्हनला होता."

"चुकलो."

"कवा कळलं तुले?"

"आत्ता. घंटाभर झाला."

"आन मले तं होऊन गेलं ना ते?"

"काय होऊन गेलं?"

"पाव्हनी."

"कोणती?"

"मले काय माईत? मी चार वर्साची होती!"

तोवर गाडी थांबलेली पाहून माय गावातून चालत आली. एका हातात निंबाचा डहाळा, एका हातात पाण्याचा तांब्या, लेकीवरून ओवाळून टाकायला. आता गाडीच्या ह्या बाजूला माय, त्या बाजूच्या काचेतून सासूबाई, आणि मधे मी. एरवी ह्या दोन विहिणींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाच मिनिटांत झालं.

"ओटीभरनाले आलेली लेक दारातून वापस लावते का कोनी?" सासूबाई म्हणाल्या.

"दारातून नाही, फाट्यावरून," मी म्हणालो. असल्या वेळी असलं बोलू नये, हे मला कळतं. बोलून झाल्यावर कळतं.

माय माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही तिनं. "अरे, ती आई हाय. आई पोटातल्या लेकराले काऊन दुखोईन?"

मी गाडीत पाहिलं. बहीण पोटावर हात ठेवून बसली होती, हिरव्या साडीत, आणि माझ्याकडे असं पाहत होती की तिला उतरायचंही होतं आणि उतरायची भीतीही वाटत होती. मी म्हणालो, "माय, मले नाही माईत. तुले बी नाही माईत. माईत होयेपर्यंत ती उतरनार नाही."

हयातीत पहिल्यांदा बोललो मी ते शब्द, आणि तेही भर रस्त्यात.

"मोटारसायकल बाजूले घे," माय म्हणाली.

"नाही घेत."

"ड्रायव्हर, तुमी सरकवा ती गाडी," सासूबाई म्हणाल्या. ड्रायव्हर दार उघडून खाली उतरू लागला. तेव्हा मी हँडल वाकडं करून लॉक केलं, चावी काढली आणि हात फिरवून लांब हरभऱ्यात भिरकावून दिली.

बांधावरच्या बाईनं "अगं माय" म्हटलेलं ऐकू आलं.

ड्रायव्हर शहाणा होता. तो पुन्हा आत बसला, रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे मागे डांबरी रस्त्यापर्यंत नेली. माझ्या बहिणीनं हात हलवला नाही. मायनं तांब्यातलं पाणी तिथेच रस्त्यावर ओतलं आणि गावाकडे चालू लागली.

मग मी चावी शोधली. दोन तास. ती बांधावरची बाई सांगत होती, "तिकडं पडली, नाही, जरा अलीकडं." पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून मी हरभऱ्यातून गुरासारखा फिरलो आणि पिंढऱ्यांना आंब लागली. खरीखुरी. या वेळी मी ती नीट निरखून पाहिली. जिथे झाड लागलं तिथेच, सपाट, लाल, चुरचुरणारी, आणि पाय धुतल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत गेलेली. पाठीवर एक ठिपका नाही. चावी सापडली ती बाईच्याच पायाखाली.

गावात बातमी अशी पसरली की मी गरोदर बहिणीला फाट्यावरून हाकलून दिलं. काहींच्या मते जमिनीच्या वाट्यावरून, काहींच्या मते बाळंतपणाच्या खर्चावरून. दुकानात येणारे पान दाखवायच्या आधी माझ्याकडे वर-खाली बघू लागले. एक जण सरळ म्हणाला, "हाकलली म्हनते तुमी बहीन?" मी म्हणालो, "हो. हाकलली. उद्या पुन्हा आली तं पुन्हा हाकलीन. काय फवारायचं ते सांगा."

आणि मी आजही हेच म्हणतो. ज्यांना मी उद्धट वाटलो त्यांना वाटू दे. देवीचा मान ठेवायचा तर ठेवा, डहाळा लावा, हात जोडा, पण आधी डोळे उघडून बघा आणि काय ते नाव घ्या. न पाहिलेल्या गोष्टीचा मान कसला ठेवायचा? आंब म्हणून मी पाहिलं नाही आणि पाव्हनी म्हणून मायनं पाहिलं नाही. एवढाच काय तो आमच्यातला फरक, आणि तो फार मोठा नव्हता.

बहिणीनं सोमवारीच तिच्या डॉक्टरकडे रक्त दिलं. रागात असली तरी दिलं. शुक्रवारी तिचा फोन आला.

"दादा."

"बोल."

"नाही म्हनते माह्या रक्तात. मले कधीच झाल्या नव्हत्या."

मी पोत्यावर बसलो.

"मंग आता?" मी म्हणालो.

"मंग काही नाही. आता हे बाळंतपन होयेपर्यंत लस देता येत नाही म्हनते, नंतर घ्या म्हनते. तोवर सांभाळून राह्यचं." मग म्हणाली, "पन माहा राग नाही गेला अजून. अजून दोन दिवस राहू दे."

"राहू दे," मी म्हणालो.

संध्याकाळी मी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही, पण खडे आणि तांदूळ एकाच बाजूला जाऊ लागले. मग म्हणाली, "मंग तवा कोन आली होती?"

"गोवर असंन."

"गोवर," ती म्हणाली. आमच्या घरात तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "आठ दिवस पाया पडली मी तिच्या. तोंड नाही पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीला घेऊन उन्हात बसली, डोळ्याला चष्मा लावून. फ्रॉक वर केला आणि बघत बसली. "हे वाळलं," ती म्हणत होती. "हे वाळलं. हे बी. थांब वं, हलू नोको, हे एक ओलं हाय अजून." सगळ्या फोडांच्या खपल्या होईपर्यंत रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. डहाळा मात्र दाराला राहिला, आणि फोडणी मायनं ठरवलेल्या दिवशीच झाली. त्या बाबतीत मी पूर्ण हरलो. करपलेल्या वरणाचा वास तेव्हाही पडद्यांना येत होता, त्यामुळे फार ताणता आलं नाही.

आता राहिलो मी. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला झाल्या होत्या का?" मायला विचारलं. "तुले बी येऊन गेली," ती म्हणाली, आणि स्वतःच ओशाळली. म्हणजे पुन्हा तेच. डॉक्टरांनी दिवस मोजून दिले, तेवढ्या दिवसांत मला किंवा घरात आणखी कुणाला काही उठलं नाही तर बहिणीनं यायला हरकत नाही. दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारून डोहाळजेवण महिन्याभरानं पुढे ढकललं. मी रोज सकाळी आरशासमोर शर्ट काढून उभा राहू लागलो. पुढून मी बघायचो, मागून बायको. लग्नानंतर इतक्या बारकाईनं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहून ती फार खूश झालेली दिसली नाही.

सांगितलेले दिवस गेले. काही उठलं नाही. मग वर आणखी दोन दिवस गेले. शनिवारी बहीण आली, फाटा ओलांडून, ओवाळून घेऊन, घरात. मी दुकानात होतो. तिला पाहायला जायचं म्हणून तोंड धुतलं, कॉलर जरा खाली केली आणि आरशात पाहिलं. गळ्याखाली एक ठिपका. लाल. वर पाण्याचा थेंब.

मी एक क्षणही घालवला नाही. मागच्या गोदामात गेलो, शटर खाली ओढलं, बायकोला फोन केला. "मले झाल्या! घरी येत नाही मी! छोटीले सांगा, मी हात लावलेल्या कोनत्याच गोष्टीले हात लावू नको!"

"आज तुमी घरात कशाले हात लावला?" बायको म्हणाली. "सकाळी पलंगावरून उठून सरळ दुकानात गेले."

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. बायकोनं त्यांना फोन केला असावा, कारण अर्ध्या तासानं शटर वाजलं. मी ते हातभर वर केलं. त्या वाकून आत आल्या, बॅटरी मारली, माझ्या गळ्याखाली पाहिलं, मग पाठ पाहिली, पोट पाहिलं, केसांत पाहिलं. ताप पाहिला.

"मुंगळा चावलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठेही ठिपका नाही, ताप नाही, आणि दिवसही उलटून गेलेत. घरी जा."

मी लगेच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे बायका हसत होत्या, उद्याच्या फुलांच्या वाड्या कुणीतरी ओवत होतं, माय कुठल्या तरी पातेल्यावरून कुणाला तरी रागावत होती. माझी मुलगी तिच्या मांडीला टेकून बसली होती, कपाळावर खपलीचा एक खड्डा घेऊन.

"काही नाही वं," मी म्हणालो. "मुंगळा होता. डॉक्टरनं सांगतलं. येऊ का मी आता घरी?"

बहिणीनं फोन जवळ धरला आणि माझा गळा नीट निरखून पाहिला. पोटावरचा हात तिनं काढला नाही.

"नोको येऊ," ती म्हणाली. "उद्या जेवनं होयेपर्यंत तिथंच राह्य, दादा. तू घरात आला का ठिपका नसलेल्या मानसाले बी खाज सुटते."